मागं ट्रेलर लावला की चढाला गाडी तापते, उताराला ब्रेक जातात: पार्ट बदलण्याच्या आधी हे बघा

कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, ब्रेकपॅड नवीन टाकले, डिस्क घासून आणली, आणि तरी मागं ट्रेलर लावून घाटाला लागलं की चढाला टेंपरेचरचा काटा वर जायलाय आणि उताराला पेडल मऊ पडायलंय, असं सांगणारे आमच्याकडं वर्षभर येतात. आमचं वाळूजकडं ट्रॉल्या-ट्रेलर बनवायचं छोटं शॉप आहे, त्यामुळं लग्नसराईत जनरेटरची ट्रॉली घेऊन कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडं जाणारी पोरं पण येतात आणि आता चार-दोन वर्षात कॅम्पिंगचा ट्रेलर घेऊन लेह-स्पितीला निघणारी मंडळी पण यायलीत. गाड्या वेगळ्या, रस्ते वेगळे, पण तक्रार तीच. आणि बहुतेक वेळा पार्ट खराब नसतोच मुळी, किंवा खराब असला तरी तो मूळ दुखण्यामुळं खराब झालेला असतो. म्हणून नवीन टाकलेला पण पुढच्या घाटात तसाच जळतो. तीन-तीनदा पॅड बदलून पैसे घातलेली माणसं बघितली की खरंच वाईट वाटतं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवायलोय.

सगळ्यात आधी वजनकाटा. हे कुणी करतच नाही. "ट्रेलर किती किलोचा आहे" विचारलं की "असंल सहा-सातशे" असं उत्तर येतं, आणि काट्यावर घातला की हजाराच्या पुढं जातो, कारण रिकाम्या ट्रेलरचं वजन सांगितलेलं असतं आणि त्याच्यात पाण्याची टाकी, गॅस, तंबू, दोन बॅटऱ्या, वरून बांधलेली स्टेपनी हे कुणी धरतच नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, सरळ हिशोब. मार्केट यार्डाच्या बाहेर, जिनिंगला, साखर कारखान्याच्या रस्त्याला, आपल्याकडं वजनकाट्यांची काही कमी नाही. सगळं सामान भरून, टाकी फुल करून, माणसं बसवून आधी गाडी-ट्रेलर मिळून वजन करा, मग ट्रेलर सोडून नुसती गाडी काट्यावर घ्या. दोन्ही पावत्या जपून ठेवा. मग गाडीचं मॅन्युअल उघडा आणि टोइंगचं पान बघा. तिथं दोन वेगवेगळे आकडे असतात, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर एक आणि नसतील तर दुसरा, आणि बिनब्रेकवाला आकडा लई कमी असतो. काही गाड्यांच्या मॅन्युअलमधे तर ट्रेलर ओढूच नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं, तसं असेल तर पुढचं काहीच वाचू नका, आधी गाडी बदलायचा विचार करा.

अजून एक गोष्ट मॅन्युअलच्या बारीक अक्षरात असते. बऱ्याच कंपन्या लिहितात की समुद्रसपाटीपासून दर 1000 मीटरला गाडी आणि ट्रेलर मिळून जे वजन चालतं ते 10 टक्के कमी धरा. आपण संभाजीनगरला साधारण साडेपाचशे मीटरवर आहोत म्हणून आपल्याला ते कधी जाणवत नाही. पण लेह साडेतीन हजार मीटरवर आहे आणि खारदुंग ला 5359 मीटरवर. या हिशोबानं तुमच्या गाडीची ओढायची ताकद कागदावरच लेहला पस्तीस टक्के आणि खारदुंग लावर पन्नास टक्क्यांच्या आसपास कमी झालेली असते. इथं म्हैसमाळला ट्रेलर आरामात चढवला म्हणून तिथं पण चढेल असं धरून निघणारी लई जणं आहेत. तसं होत नाही ना भाऊ.

आता उताराचं. माझ्या मते खरं दुखणं इथंच आहे, आणि जीवाला धोका पण इथंच.

उतरताना जी उंची कमी होते तेवढी सगळी ऊर्जा कुठंतरी जायलाच पाहिजे, ती गायब होत नाही, तिची उष्णता होते. गाडी अधिक ट्रेलर मिळून 3 टन धरा. खारदुंग लावरून लेहला यायचं म्हणजे चाळीसेक किलोमीटरमधे साडेअठराशे मीटर खाली. हिशोब केला तर 54 मेगाज्यूलच्या आसपास भरतो. एवढ्या उष्णतेत 20 अंशाचं दीडशे लिटरच्या वर पाणी उकळीला येतं. त्यातली काही हवा आणि टायर खातात, पण उरलेली घ्यायला तुमच्याकडं तीनच जागा आहेत: इंजिन, गाडीचे ब्रेक, आणि ट्रेलरचे ब्रेक (असले तर). आपल्याकडचा तीनशे मीटरचा उतार धरला तर हाच आकडा पंचवीस लिटर पाण्याच्या घरात येतो, म्हणून इथं चुकीच्या पद्धतीनं उतरलं तरी खपून जातं आणि सवय पण तीच लागते.

म्हणून ब्रेकची तक्रार घेऊन कुणी आलं की मी पॅड बघायच्या आधी एकच विचारतो, उष्णता कोण घ्यायलंय? ट्रेलरला ब्रेक नाहीत आणि गाडी टॉप गिअरमधे सोडलीय तर उत्तर एकच आहे, सगळी गाडीच्या पुढच्या दोन डिस्कवर चाललीय. मग तिथं जगातले कुठले पण पॅड टाका, जळणारच.

दुसरा प्रश्न, पेडल नेमकं कसं लागलं? हे नीट आठवून सांगा, कारण यातच निदान आहे आणि मिस्त्रीला पण नीट सांगितलं नाही तर तो भलतंच उघडून बसतो.

पेडल मऊ पडलं, स्पंजासारखं, दाबलं की खाली खाली जायला लागलं आणि दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, तर ब्रेक ऑइल उकळलंय. ऑइल उकळलं की आत वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दबत नाही पण वाफ दबते, म्हणून तुमचा पाय वाफ दाबण्यातच जातो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुनं होईल तसं लवकर उकळतं. डॉट 3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड, बाटलीवर लिहिलेला असतो) नवीन असताना किमान 205 अंशापर्यंत टिकतं पण पाणी धरलेलं असलं तर हीच हद्द 140 ला येते, डॉट 4 चं 230 वरून 155 ला येतं. डॉट 5.1 चं 260 आणि 180. ज्यांनी ब्रेक ऑइल कधी बदललंच नाही, नुसतं वरून भरत राहिले, त्यांच्या गाडीत पाणी धरलेलं ऑइल असणार हे नक्की, आणि आपल्याकडं पावसाळ्यातला दमटपणा त्याला पुरेसा आहे. दोन वर्षांनी सगळं काढून नवीन भरायचं, आणि ट्रेलर घेऊन मोठ्या घाटाला जायचं असेल तर निघायच्या आधी भरायचं, मॅन्युअल परवानगी देत असेल तर वरच्या ग्रेडचं. चारी चाकांतून एअर काढताना जुनं काळपट ऑइल पूर्ण निघेस्तोवर काढायला सांगा, समोर उभं राहून.

पेडल कडक आहे, जागेवर आहे, पण गाडीच थांबत नाही आणि जळका वास यायलाय, तर ऑइल ठीक आहे, पॅड किंवा लाइनर तापून घासायचे बंद झालेत. थंड झाल्यावर परत लागतात, म्हणून लोक म्हणतात की "खाली आल्यावर एकदम ओके होतं". ओके नसतं ते. असं एकदा झालेले पॅड काढून बघा, वरचा थर काचेसारखा चकचकीत झालेला दिसतो.

आणि तिसरा प्रकार असा आहे की तो फक्त उंचावर दिसतो, त्यामुळं आपल्याकडच्या मिस्त्रीला सांगितला तर त्याचा विश्वासच बसत नाही. वास नाही, उकळणं नाही, सकाळी थंड गाडीला पण पेडल जड लागतं आणि नेहमीपेक्षा जास्त जोर द्यावा लागतो. ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे खरं तर बाहेरच्या हवेचा दाब तुमच्या पायाला मदत करत असतो. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाबच जवळपास निम्मा होतो, मग मदत पण तेवढीच उरते. यात काहीच खराब नाही, बूस्टर बदलू नका. फक्त हे आधीच माहिती पाहिजे, जोर जास्त द्यायची तयारी पाहिजे आणि पुढच्या गाडीपासून अंतर जास्त. घरी परत आल्यावर पण पेडल तसंच जड राहिलं तर मात्र बूस्टर, त्याचा पाइप आणि डिझेल गाडी असेल तर व्हॅक्यूम पंप तपासायचा.

ट्रेलरच्या ब्रेकचं सांगतो, इथं लई गैरसमज आहेत. छोट्या ट्रेलरला बहुतेक ओव्हररन ब्रेक असतात. म्हणजे गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं ढकलतो, त्या ढकलण्यानं दांडीतला रॉड आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. साधी गोष्ट, वायर नाही, कंट्रोलर नाही. पण लांब उतारावर काय होतं बघा, तुम्ही शहाण्यासारखं खालच्या गिअरमधे उतरायलाय, पाय ब्रेकवर नाही, गाडीच्या डिस्क एकदम थंड आहेत, पण ट्रेलर पूर्ण उतारभर गाडीला ढकलतोच आहे, म्हणजे त्याचे ब्रेक पूर्ण उतारभर थोडे थोडे लागलेलेच आहेत. ड्रायव्हरला काहीच कळत नाही. मग खाली थांबल्यावर ट्रेलरच्या चाकातून धूर, हबमधलं ग्रीस पातळ होऊन बाहेर, आणि बेअरिंग गेलेलं. "बेअरिंग तीनदा बदललं, परत परत जायलंय" ही तक्रार असली की मी बेअरिंगकडं बघतच नाही, आधी ब्रेक बघतो.

त्याला उपाय दोन. एक म्हणजे ब्रेकचं सेटिंग, ट्रेलर जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवा, ब्रेक सोडलेला असताना चाक मोकळं फिरलं पाहिजे. केबल जास्त ताणलेली असते बऱ्याच वेळा, कुणीतरी "ब्रेक चांगला लागावा" म्हणून ताणून ठेवलेली. दांडीतला रॉड पण हातानं आत-बाहेर करून बघा, ग्रीस न केल्यानं तो आत अडकून बसतो आणि मग सपाट रस्त्यावर पण ब्रेक लागलेलेच राहतात. दुसरा उपाय म्हणजे थांबणं. मोठ्या उतारावर मधे मधे सपाट जागा बघून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या जवळ हात न्या, लावू नका, नुसता जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त भाजत असेल तर तिथं दुखणं आहे. आता इन्फ्रारेडचं छोटं थर्मामीटर लई स्वस्त मिळतं, ते ठेवलेलं बरं.

इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरवर ट्रेलरचा जोर किती हे तुम्ही ठरवू शकता, आणि ट्रेलरला नुसता हातानं पण ब्रेक मारता येतो. जास्त खर्चाचं आहे, पण ज्यांना दरवर्षी हिमालयात जायचंय त्यांनी तो खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी टपावरचे लाइट, टेबल, पडदे नंतर.

गिअरचं सगळ्यांना माहिती असतं पण कुणी पाळत नाही. चढताना जो गिअर लागला असता त्याच गिअरमधे उतरायचं हा जुना नियम, ट्रेलर असेल तर त्याच्यापेक्षा एक खालचा. आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मधे नाही, कारण मधे वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि क्लच दाबून बसलात की तेवढा वेळ इंजिनाचा आधार पण गेला. आवाज वाढतो, टॅको, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, तीन हजाराकडं जातो, शेजारी बसलेलं माणूस म्हणतं इंजिन ओरडायलंय. ओरडू द्या. उतारावर इंजिनात डिझेल जळत नसतं, त्याला काही होत नाही, फक्त लाल पट्टीच्या खाली ठेवा. ब्रेक मारायचा तर सतत पाय ठेवून लोळवायचा नाही, नीट जोरात दाबून दहा-पंधराचा वेग कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे मधल्या वेळेत डिस्कला हवा लागते. आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे, हात जोडून सांगतो, ट्रेलर मागं असताना हे करू नका. वर सांगितलेल्या तीन जागांतली एक जागा तुम्ही स्वतःच्या हातानं बंद करायलाय.

ऑटोमॅटिक वाल्यांनी डी मधे ठेवून उतरायचं नाही, मॅन्युअल मोडला घेऊन गिअर धरून ठेवायचा. चढाला पण तेच, नाहीतर गिअरबॉक्स सारखा वर-खाली करत राहतो आणि त्याचं ऑइल तापतं.

लो रेंजचं, म्हणजे फोर-व्हील गाडीतल्या हळू पण जास्त ताकदीच्या गिअरचं, बरेच जण विचारतात. फोर-लो खडी, माती, बर्फ असल्या निसरड्या जागेवर एकदम कामाचं, क्लच वाचतो आणि उतरताना इंजिनाचा धर लई वाढतो. मनाली-लेह रस्त्यावरच्या गाटा लूप्समधे 21 वळणं आहेत, तिथं ट्रेलरसकट वळणावर थांबून परत उचलायची वेळ आली तर क्लचचा वास येणारच. पण पार्टटाइम फोर-व्हील (म्हणजे एरवी दोनच चाकांवर चालणारी, लागेल तेव्हा चारी चाकांना ताकद देणारी) गाडी कोरड्या डांबरावर फोर मधे टाकून तीव्र वळणं घेतली तर पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं फिरायला जागा मिळत नाही आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. डांबर आलं की काढायचं.

आता चढाला तापण्याचं. याची कारणं आपल्याकडची वेगळी आणि तिकडची वेगळी, म्हणून दोन्ही सांगतो.

आपल्याकडं मी बघितलेली सगळ्यात जास्त कारणं म्हणजे कापूस आणि बोअरचं पाणी. जिनिंगच्या रस्त्यानं रोज जाणारी गाडी असेल किंवा सोयाबीनच्या दिवसात मळणीयंत्राच्या आजूबाजूनं फिरलेली असेल तर कापसाचे तंतू आणि भुसा एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे जाऊन बसतो. समोरून बघितलं तर जाळी स्वच्छ दिसते, मधे गोधडीसारखा थर असतो. धुताना इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं पाणी मारा, आणि प्रेशर वॉशरचं नोझल जवळ नेऊ नका, पत्र्याच्या पातळ पट्ट्या वाकल्या की हवा कायमची बंद. शक्य असेल तर कंडेन्सर ढिला करून मधला कचरा काढायला लावा. दुसरं म्हणजे कूलंट कमी झालं की बोअरचं पाणी टाकलं, परत कमी झालं परत टाकलं. आपलं बोअरचं पाणी किती क्षारांचं आहे ते घरातल्या गिझरला विचारा. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आतून बसतो. कूलंट बॅटरीच्या पाण्यात, म्हणजे डिस्टिल्ड मधेच मिसळायचं, आणि एकदा बोअरचं गेलेलं असेल तर फ्लश करून घ्यायचं. आणि मुळात कूलंट कमी का होतंय ते शोधा, ते आपोआप संपत नसतं.

मग फॅन. बऱ्याच डिझेल एसयूव्हीला व्हिस्कस फॅन असतो, मधल्या क्लचमधलं सिलिकॉन ऑइल गळालं की फॅन फिरताना दिसतो पण जोर नसतो. इंजिन चांगलं गरम करून बंद करा, पूर्ण थांबल्यावर फॅन हातानं फिरवून बघा (चावी काढून, आणि इलेक्ट्रिक फॅन असेल तर अजिबात हात घालू नका). गरम असताना तो जड लागला पाहिजे. भिंगरीसारखा सहज फिरला तर गेला.

हे सगळं ठीक असून पण तापत असेल तर बहुतेक गिअरच चुकलाय. लोकांना वाटतं कमी आरपीएमला चालवली की गाडी कमी तापेल. ट्रेलर मागं असताना उलटं होतं, चौथ्यात तेराशे-चौदाशे आरपीएमला पाय पूर्ण दाबून ओढायला लावलं तर इंजिनावर भार पूर्ण आहे पण पाण्याचा पंप आणि व्हिस्कस फॅन दोन्ही हळू फिरतात, कारण ते इंजिनाच्याच वेगावर चालतात. एक गिअर खाली घ्या, बावीसशे-चोवीसशेला आणा, पाय थोडा सैल करा. कित्येकदा काटा तिथंच खाली येताना दिसतो.

तिकडं हिमालयात वेगळंच आहे. "तिथं थंडी असते, गाडी कशाला तापंल" हे मी लई जणांकडून ऐकतो. हवा थंड आहे हे खरं, पण पातळ पण आहे, रेडिएटरमधून तेवढीच हवा गेली तरी तिच्यात वस्तुमान कमी असतं म्हणून ती उष्णता कमी उचलते. टर्बो पातळ हवेची भरपाई बऱ्यापैकी करतो पण खालच्या आरपीएमला करत नाही, म्हणून उचलताना गाडी मेल्यासारखी वाटते आणि माणूस अर्धा क्लच धरून बसतो. वर पाणी पण कमी तापमानाला उकळतं, पाच हजार मीटरच्या वर उघडं पाणी साधारण 83 अंशाला. कूलंट दाबाखाली असतं म्हणून वाचतो आपण, पण तो दाब धरणारं झाकण, रेडिएटर कॅप, चांगलं पाहिजे. झाकणाचं रबर चिरलेलं असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल तर इथं मराठवाड्यात मे महिन्यात पण कळणार नाही, आणि तिथं खिंडीच्या खाली दोन वळणांवर पाणी बाहेर येईल. इतका स्वस्त पार्ट दुसरा नाही. निघायच्या आधी कंपनीचाच, त्याच प्रेशरचा नवीन टाका.

काटा वर जायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, ब्लोअर फुल. केबिनचा हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. जागा मिळाली की थांबा पण इंजिन लगेच बंद करू नका, थोड्या चढ्या आरपीएमला चालू ठेवा म्हणजे पाणी फिरत राहतं. फक्त पाणी बाहेर फेकलंय किंवा काटा लालमधे गेलाय तर मात्र बंदच करा. झाकण गरम असताना उघडायचं नाही हे सगळ्यांना माहितीय आणि तरी दरवर्षी कुणीतरी हात भाजून घेतंच.

डिस्क-ड्रम तापले तर त्याच्यावर पाणी ओतू नका. घाटात बाटलीनं पाणी मारणारे नेहमी दिसतात. लालभडक तापलेलं बीड (ओतीव लोखंड) अचानक थंड झालं की वाकतं नाहीतर तडकतं, मग ब्रेक मारताना स्टेअरिंग थरथरणं हे नवीन दुखणं सुरू. गाडी सपाटीला लावा, चाकांना दगड लावा, ट्रेलरच्या चाकांना पण, आणि हवेनं थंड होऊ द्या. ट्रेलर घाटात सोडायची वेळ आली तर दगड आधी, हूक नंतर.

उतारावर पेडल एकदम खाली गेलंच तर पंप करत राहा, गिअर एक एक खाली घ्या, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम नाही, इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बटण धरून ठेवा, आणि डोंगराच्या बाजूला घ्या, दरीच्या बाजूला नाही. इंजिन बंद करू नका. बंद केलं की बूस्टरची मदत आणि पॉवर स्टेअरिंग जाऊ शकतं.

ट्रेलर डावी-उजवीकडं हलण्याचं पण थोडक्यात सांगतो, कारण घाटात न दिसणारा हा दोष समृद्धीवर दिसतो, शेजारून कंटेनर गेला की. बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागच्या हूकच्या गोळ्यावर, ट्रेलरच्या नाकाचं (दांडीच्या पुढच्या टोकाचं) वजन कमी पडलं की असं होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास नाकावर पाहिजे, पण हूकवर आणि मॅन्युअलमधे लिहिलेल्या मर्यादेच्या आतच. आडतीवरचा प्लॅटफॉर्म काटा घ्या, त्याच्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हूकच्या उंचीवर दांडी टेकवा, आकडा दिसतो. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागं असेल तर भरलेली असताना नाक हलकं होतं, आणि लोक निघताना नाही, शेवटच्या गावात पाणी भरतात, म्हणजे वजन केलं तेव्हाचा आकडा आणि घाटातला आकडा वेगळा. उलट नाकावर जास्त झालं तर गाडीचं मागचं बसतं, पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट झाडावर जातो. हलायला लागलाच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक मारू नका, आणि वेग वाढवून सरळ होईल असं तर अजिबात समजू नका. ऐंशीच्या पुढं ट्रेलर नेऊच नये असं आम्ही आमच्या गिऱ्हाइकांना सांगतो.

बॉल आणि कप्लरचा (बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीचा) साइज एक आहे का तेवढं एकदा नक्की बघा. 50 मिलिमीटर आणि 2 इंच हे डोळ्याला सारखे दिसतात पण 2 इंच म्हणजे 50.8 असतं. 50 चा कप्लर 2 इंचाच्या बॉलवर नीट बसत नाही आणि 2 इंचाचा कप्लर 50 च्या बॉलवर खडखड करतो, खड्ड्यात उडून निसटू शकतो. सेफ्टी चेन दोन पाहिजेत, दांडीच्या खालून एकमेकींना ओलांडून लावलेल्या, म्हणजे निसटलाच तर नाक जमिनीवर न पडता साखळ्यांवर पडतं. ब्रेकवेची केबल (ट्रेलर निसटला तर ओढली जाऊन त्याचे ब्रेक लावणारी) गाडीच्या बॉडीला लावा, बॉलला अडकवून ठेवू नका.

ट्रेलरची आरटीओला नोंदणी आणि इन्शुरन्स गाडीपेक्षा वेगळा लागतो, आणि मागच्या बाजूला ओढणाऱ्या गाडीचा नंबर पण दिसला पाहिजे. गावातल्या गावात कुणी विचारत नाही म्हणून परराज्यात पण विचारणार नाहीत असं नाही, आणि अपघात झाला तर सगळ्यात आधी हेच कागद बघतात.

कुणाची हीच तक्रार चालू असेल तर खाली विचारा, पण विचारताना वजनकाट्याचे दोन्ही आकडे, नाकावरचं वजन, ट्रेलरला ब्रेक आहेत का आणि कुठले, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, पेडल मऊ होतं का कडक, आणि त्या वेळी कुठला गिअर होता हे सगळं लिहा. नुसतं "गाडी तापायलीय, काय करू" लिहिलं तर मला पण अंदाजच सांगावा लागतो, आणि अंदाजानं पार्ट बदलून तुमचे पैसे आधीच गेलेत.